बुंदी गेली, आता लाडूसाठी पेटी भरायची आहे

सिंहगड रोडला राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. मुलीच्या नवव्या वाढदिवसाला त्यांनी दोन गिनी पिग आणले, लाडू आणि बुंदी. गेल्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी बुंदीने कोथिंबीर नुसती हुंगली आणि तोंड फिरवलं. "पोट भरलं असेल, सकाळी खाईल," असं म्हणून सगळे झोपले. रविवारी ती केस फुलवून कोपऱ्यात बसून होती. जवळचे दोन दवाखाने बंद होते, तिसऱ्या ठिकाणी फोनवर "आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो" असं उत्तर मिळालं. सोमवारी पहाटे बुंदी गेली. मुलगी रोज विचारते, "आई, आपल्याकडे औषध असतं तर ती वाचली असती ना?" म्हणून ताईंनी इकडून-तिकडून विचारून लाडूच्या औषधपेटीसाठी तेवीस वस्तूंची यादी केली आहे. त्यात लहान मुलांचं अँटिबायोटिक सिरप, तापाचे थेंब, पोटदुखीचे थेंब, डोळ्यांचे ड्रॉप्स, मलमं असं बरंच काही आहे. सासूबाई म्हणतात, "पाचशे रुपयांच्या प्राण्याला दोन हजारांची पेटी?" ताई विचारतात: यादी बरोबर आहे का, काय राहिलं आहे, आणि हे सगळं खरंच अति होतंय का?

प्रिय ताई,

तुमची यादी मी तीन वेळा वाचली. प्राणी आजारी पडल्यावर त्याला देण्याच्या वस्तू तिच्यात भरपूर आहेत. पण तो आजारी आहे हे लवकर कळावं, अशी एकही नाही. पेटी भरण्याआधी मला याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे, आणि तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

कुत्रं एक दिवस जेवलं नाही तर सहसा निभावून नेतं. गिनी पिगला ते जमत नाही. त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं आणि ते चालतं गवताच्या रेट्यावर. आत नवीन गवत येत राहिलं तरच आधीचं पुढे सरकतं. दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही की आतडं मंदावतं, गॅस धरतो, पोट दुखायला लागतं आणि दुखतंय म्हणून तो आणखी खात नाही. त्याला उलटी होत नाही, त्यामुळे आतलं बाहेर टाकून मोकळं होण्याची वाटही बंद असते. शिवाय हा शिकार होणारा प्राणी. दुखणं दाखवलं की कुणीतरी उचलून नेईल ही भीती त्याच्या रक्तात आहे, म्हणून अगदी सहन होईनासं होईपर्यंत तो ठणठणीत असल्यासारखा वागतो. बुंदीने शनिवारी तोंड फिरवलं तेव्हा तिचं दुखणं बहुधा आधीच सुरू झालेलं होतं.

आणि खाणं बंद होणं ही नुसती खूण असते. मागे काय आहे हे बाहेरून दिसत नाही. दाढा वाढून जिभेला टोचत असतील, मूत्राशयात खडा असेल, फुप्फुसात जंतुसंसर्ग असेल. यातलं काय आहे हे ठरवणारी वस्तू कुठल्याच पेटीत मिळत नाही. तेव्हा लेकीला खरं ते सांगा. औषधाची बाटली घरात असती म्हणून बुंदी वाचली असती असं नाही. शनिवारी रात्रीच तिला थोडं थोडं भरवता आलं असतं आणि रविवारी सकाळी नेमका डॉक्टर सापडला असता, तर तिला संधी होती. हे तुम्हाला माहीत नव्हतं. पाळणाऱ्यांपैकी बहुतेकांना माहीत नसतं, कारण विकणारा ते सांगत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला एवढं समजतं.

म्हणून पेटीतली पहिली वस्तू वजनकाटा. स्वयंपाकघरातला, ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल काटा. दर रविवारी सकाळी, भाजी द्यायच्या आधी, स्टीलच्या पातेल्यात रुमाल अंथरून लाडूला बसवायचं आणि आकडा वहीत लिहायचा. पूर्ण वाढ झालेल्या गिनी पिगचं वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅमच्या दरम्यान असतं. वीस-पंचवीस ग्रॅमचा चढउतार रोजचाच, त्याची काळजी नको. पन्नासच्या आसपास घट दिसली तर रोज वजन करायचं आणि खाणं, लेंड्या, शू यांवर बारीक नजर ठेवायची. शंभरच्या घरात गेली तर त्याच दिवशी दवाखाना. पुष्कळदा वजन उतरायला लागतं तेव्हा गिनी पिग दिसायला अगदी छान असतो, अंगावरच्या केसांत काही कळत नाही. हे काम लेकीकडे द्या. तिला काहीतरी करायचं आहे, हे तिच्या प्रश्नातून ऐकू येतंय.

दुसरी वस्तू विकत मिळत नाही, ती तुमच्या घरात आहे: सासूबाई. त्या दिवसभर घरी असतात असं तुम्ही लिहिलं आहे. भाजीची पिशवी खुसखुसली किंवा फ्रिजचं दार उघडलं की लाडू कुईकुई करून घर डोक्यावर घेत असणार. ज्या दिवशी पिशवीचा आवाज होऊनही तो गप्प राहील, ते सगळ्यात आधी त्यांच्याच लक्षात येईल. त्यांना एवढंच सांगा, "आई, तो ओरडला नाही किंवा लेंड्या कमी, बारीक दिसल्या, तर मला ऑफिसात फोन करा. संध्याकाळपर्यंत थांबू नका." ज्यांनी घरात लहान मुलं वाढवली आहेत त्यांना हे शिकवावं लागत नाही, फक्त हे महत्त्वाचं आहे एवढं कुणीतरी सांगावं लागतं.

आता यादीतून काय काढायचं. सगळ्यात आधी ते अँटिबायोटिक सिरप. अकरा वर्षांपूर्वी माझ्याकडे चिमणी नावाची पांढरी-तपकिरी गिनी पिग होती. ती शिंकायला लागली. घरात भाच्याचं अमॉक्सिसिलिन उरलेलं होतं, आणि ओळखीतल्या एकांनी अगदी चांगल्या मनाने सांगितलं, "दोन-दोन थेंब द्या, लहान बाळाला चालतं ते हिला का नाही चालणार?" मी दिले. तिसऱ्या दिवशी तिला पातळ हगवण लागली, चौथ्या दिवशी ती गेली. कारण नंतर डॉक्टरांकडून कळलं. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं, म्हणजे अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, आणि शिवाय क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही गिनी पिगच्या पोटात गेली की गवत पचवणारे चांगले जंतू मारतात. मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम नावाचे वाईट जंतू माजतात आणि त्यांच्या विषाने प्राणी दगावतो. शिंकेने ती गेली नसती. गिनी पिगला चालणारी अँटिबायोटिक्स आहेत, पण ती डॉक्टरने तपासून आणि वजन बघूनच द्यायची. दवाखान्यात गेल्यावर तुम्हीही एकदा विचारा, "हे पेनिसिलिनपैकी नाही ना?" रोज कुत्री-मांजरं बघणाऱ्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही, आणि आला तरी विचाराच.

तापाचे थेंब आणि बाळाच्या पोटदुखीचे थेंबही काढून टाका. गिनी पिगची वेदना कमी करणारी औषधं डॉक्टरकडे असतात, त्यांचा डोस वजनावर ठरतो आणि चुकला तर पोट व मूत्रपिंड दोन्ही जातात. डोळ्यांचे ड्रॉप्स काढा, कारण घरात उरलेल्या बाटल्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं. गवताची काडी टोचून बुबुळावर जखम झाली असेल तर स्टेरॉइडने ती चिघळते. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं गोचिडाचं औषधही लाडूसाठी नाही. गिनी पिगला खरजेचा किडा होतो, खाजवून खाजवून तो रक्त काढतो आणि कधी कधी खाजेपायी आकडीही येते. पण त्याचं औषध वेगळं आहे आणि तेही डॉक्टरच देतील. फिनेलसारख्या वासाची जंतुनाशकं, हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद लावलेलं तूप, हे काहीच नको. तो अंग चाटतो, जे त्वचेवर लावाल ते पोटात जाणार.

एवढं काढल्यावर तेवीसातल्या आठ-नऊ वस्तू उरतात. त्या एका झाकणाच्या डब्यात मावतात आणि खर्च दोन हजारांच्या जवळपासही जात नाही.

त्यातली सगळ्यात मोलाची म्हणजे सुई नसलेल्या सिरिंज. कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात, १ मिलीच्या पाच-सहा आणि ५ मिलीच्या दोन घ्या. सोबत आजारी शाकाहारी प्राण्यांना भरवायची पूड मिळते, ती एक पाकीट. ही पूड वाळलेल्या गवताचीच असते, त्यामुळे तिने आतडं पुन्हा सरकायला मदत होते. पूड नसेल तर लाडूचेच पेलेट (दाणेदार सुकं खाद्य) कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, दाट ताकाइतकं सरसरीत करा. दूध, भाताची पेज, वरणाचं पाणी, ग्लुकोज बिस्किट यांतलं काहीही नको. आपल्या हाताला पेज करायची सवय असते, पण त्याच्या पोटात पिठूळ आणि गोड गेलं तर गॅस वाढतो.

भरवण्याची पद्धत नीट सांगते, कारण अडचणीच्या रात्री घाई होते. लाडूला टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळा, बाळाला दुपट्यात घेतो तसं, पण छाती आवळू नका. मांडीवर सरळ बसवा, पाठीवर कधीच झोपवू नका. सिरिंजचं टोक बाजूने, पुढच्या दातांच्या मागच्या मोकळ्या जागेतून आत घाला. अर्धा मिली दाबा आणि थांबा. जबडा बाजूला हलताना दिसेल, गळ्याची हालचाल दिसेल. तोंड रिकामं झालं की पुढचा अर्धा मिली. घाई केली तर ते श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. तंतू अडकून सिरिंज तुंबत असेल तर टोक थोडं कापा आणि कड कानशीने किंवा नखं घासायच्या पट्टीने गुळगुळीत करा. किलोभर वजनाच्या प्राण्याला चार-पाच तासांनी दहा ते पंधरा मिली, असं डॉक्टर मिळेपर्यंत चालू ठेवता येतं. एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. पोट फुगून टणक लागत असेल, टिचकी मारल्यावर डब्यासारखं वाजत असेल, तर काहीही भरवायचं नाही, रिक्षा बोलवायची. आणि तो धडधाकट आहे तेव्हाच आठवड्यातून एकदा सिरिंजने थोडं पाणी किंवा काकडीचा रस द्या. त्याला सिरिंज ओळखीची होते आणि तुमचा हातही बसतो.

बाकीच्या वस्तू साध्या आहेत. डोळा किंवा जखम धुवायला सलाइनची छोटी बाटली, ती उघडली की दोन-तीन दिवसांत फेकायची. जखम पुसायला पोव्हिडोन आयोडिन, पाणी घालून फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. गॉजच्या पट्ट्या घ्या, पण पट्टी बांधून ठेवू नका, तो कुरतडून गिळेल. नखं कापताना रक्त आलं तर कॉर्नफ्लोअरची चिमूट नखावर दोन-तीन मिनिटं दाबून धरायची, दुसरं काही लागत नाही. लहान टॉर्च, बाळाचं नेलकटर, एक जुना टॉवेल. आणि पेटीइतकीच गरजेची, तळ सपाट असलेली झाकणाची बास्केट, कारण रिक्षात मांडीवर धरून नेताना उडी मारून पाय मोडलेले गिनी पिग मी पाहिले आहेत.

पुण्यात असल्यामुळे यात एक भर घालते. गिनी पिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाकडच्या अँडीज पर्वतातला, थंड हवेचा. १८ ते २४ अंश त्याला बरं वाटतं, २७-२८ च्या पुढे त्रास सुरू होतो आणि त्याला घाम येत नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. तुम्ही लिहिलंय की पिंजरा पश्चिमेच्या बाल्कनीत, पत्र्याखाली आहे. तो आजच आत घ्या, या पत्रातल्या बाकी कशाहीपेक्षा हे आधी करा. पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, तो दुपारी आपणहून त्यावर पसरेल. लाइट गेले की गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. उन्हाने तो लोळागोळा होऊन धापा टाकायला लागला, लाळ गळायला लागली, तर कान आणि पावलं साध्या गार पाण्याच्या फडक्याने ओली करा, पंख्याजवळ सावलीत ठेवा आणि निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानेच प्राणी जातो.

व्हिटॅमिन सी बद्दल तुमच्या यादीत "मल्टिव्हिटॅमिन ड्रॉप्स, पाण्यात" असं आहे. गिनी पिगचं शरीर आपल्यासारखंच सी जीवनसत्त्व बनवू शकत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश यांनी याच प्राण्यात स्कर्व्ही, म्हणजे सी जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, घडवून दाखवली, आणि त्यातूनच पुढे सी जीवनसत्त्वाचा शोध सोपा झाला. म्हणजे त्याची गरज खरी आहे, किलोमागे रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम. पण पाण्यात टाकलेलं सी काही तासांत उतरतं आणि चव बदलली म्हणून तो पाणी प्यायचंही कमी करतो. मल्टिव्हिटॅमिनमधली ए आणि डी त्याला जास्त होतात. रोज ढोबळी मिरचीची बोटभर रुंद फोड आणि थोडी कोथिंबीर द्या, काम झालं. पेरूची फोड आठवड्यातून दोनदा, गोड असते म्हणून लहान. गवत मात्र अमर्याद हवं. मंडईत दूर्वा मिळतात, त्या धुऊन खुशाल द्या, आवडीने खातो. रस्त्याकडेचं गवत नको, आणि गाजरगवत चुकूनही मिसळलेलं नको. नावात गाजर असलं तरी ते विषारी आहे.

आता रविवारच्या रात्रीबद्दल. या आठवड्यात, घरात सगळं ठीक असताना, चार दवाखान्यांना फोन करा. तीनच गोष्टी विचारा: गिनी पिग बघता का, महिन्यात साधारण किती बघता, आणि रविवारी किंवा रात्री कुठे पाठवता. पुण्यात ससे, पक्षी, कासवं बघणारे डॉक्टर आहेत, बोलताना "एक्झॉटिक" हा शब्द वापरला की समोरच्याला लगेच कळतं. दोन नंबर पक्के करून पेटीच्या झाकणाच्या आतून चिकटवा, खाली लाडूचं शेवटचं वजन. मग एकदा लाडूला नुसतं तपासायला घेऊन जा. दात बघून घ्या, नखं कशी कापायची हे हातात हात धरून शिकून घ्या. डॉक्टर ओळखीचा असेल तर रविवारी फोन उचलण्याची शक्यता कितीतरी वाढते.

सासूबाईंच्या पाचशे रुपयांबद्दल मी त्यांना चूक म्हणणार नाही. त्यांच्या हिशेबाने प्राण्याची किंमत म्हणजे बाजारातली किंमत. पण दवाखान्याचं बिल त्या किमतीवर ठरत नाही. दाढ घासायला भूल द्यावी लागते, खड्याला एक्स-रे लागतो, आणि हा खर्च प्राण्याच्या किमतीच्या कैक पट असतो. हे आधीच बोलून घ्या, दोघं नवरा-बायको आणि सासूबाई मिळून. महिन्याला थोडे पैसे वेगळे ठेवा. कुठपर्यंत जायचं, हेही ठरवा. एखाद्या घराला मोठं ऑपरेशन परवडत नाही, आणि तेव्हा प्राण्याला वेदनेविना जाऊ देण्याचा निर्णय प्रेमानेच घेतलेला असतो. पैसे नाहीत म्हणून दवाखान्यातच न नेणं आणि त्याला कोपऱ्यात कण्हत ठेवणं, एवढं मात्र होऊ नये. आणि हो, तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते, हे अति नाही. ज्याला आपण पिंजऱ्यात ठेवलं तो स्वतः डॉक्टर शोधायला जाऊ शकत नाही.

पत्रात तुम्ही विचारलं नाही, पण लाडू आता एकटा आहे. गिनी पिग कळपात राहतात, जोडीदार गेल्यावर काही जण खाणंच कमी करतात, म्हणून पुढचे काही आठवडे त्याचं वजन एक दिवसाआड करा. नवा जोडीदार आणायचा ठरवलात तर नर की मादी हे दुकानदारावर सोडू नका, डॉक्टरकडून खात्री करून घ्या. सहा-सात महिन्यांच्या पुढे पहिल्यांदाच गाभण राहिलेल्या मादीची कमरेची हाडं सुटत नाहीत आणि बाळंतपणात ती दगावू शकते. आणल्यावर दोन आठवडे त्याला वेगळ्या खोलीत ठेवा, आधी लाडूचं आवरून मग त्याच्याकडे जा, हात धुवा. खरूज, बुरशी, खोकला, जे काही असेल ते बहुधा एवढ्या दिवसांत दिसतं. बुरशी मुलांनाही लागते, तेव्हा तोवर लेकीने त्याला मांडीवर घेऊ नये. तिच्या वहीत मात्र आत्ताच दुसरा रकाना आखून ठेवायला सांगा. नवा पाहुणा आला की त्याचं पहिलं वजन त्याच दिवशी लिहायचं आहे.